समुद्रदर्शन आणि किनाराभेट : मुंबईच्या सार्वजनिक चौपाट्यांविषयी काही विचार

सारांश

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई आदी चौपाट्या या महानगरातील विनामूल्य व सर्वांना खुल्या असलेल्या मोजक्या सार्वजनिक जागांपैकी होत. या चौपाट्यांचे सार्वजनिकत्व कायदा, लोकव्यवहार आणि भरती-ओहोटीचे ज्ञान या तीन आधारांवर उभे आहे. समुद्र दुरून पाहणे आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाणे या दोन भिन्न गोष्टी असून, अलीकडील काळात पहिलीची सोय वाढत असताना दुसरीचा अवकाश आकसत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचे शैक्षणिक व सुरक्षाविषयक महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : चौपाटी, पुळण, भरती-ओहोटी, सार्वजनिक विश्वस्ततत्त्व, किनारी नियमन क्षेत्र.

१. प्रस्तावना

मुंबई हे शहर मुळात सात बेटांचे. या बेटांमधील खाड्या बुजवून आणि समुद्रात भराव घालून आजची भूमी तयार झाली. त्यामुळे या शहराचा किनारा निसर्गाइतकाच मनुष्यानेही घडविलेला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी व महालक्ष्मी यांच्या दरम्यान बांधलेला हॉर्नबी वेलार्ड हा बांध, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील बॅक बेच्या भराव योजना आणि त्यांतून पुढे आकारास आलेला मरीन ड्राइव्ह हे या घडणीतील महत्त्वाचे टप्पे होत. या सर्व उलथापालथीत वाळूचे जे पट्टे टिकून राहिले, त्यांनाच मुंबईकर ‘चौपाटी’ म्हणतो. चार पाट किंवा चार प्रवाह यांवरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. कोकणातील लोक अशा वाळूच्या पट्ट्यास ‘पुळण’ म्हणतात.

चौपाटीवर जाणे ही इतकी परिचित गोष्ट आहे की तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा वाटत नाही. भेळ, पाणीपुरी, सूर्यास्त आणि लहान मुलांचे वाळूतील खेळ एवढ्यावर हा विषय संपला, असे मानले जाते. तथापि भूगोल, इतिहास, विधी, सागरी जीवशास्त्र आणि समाजशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखा या वाळूवर एकत्र येतात. म्हणूनच बहुविद्याशाखीय दृष्टीने या विषयाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) मुंबईच्या चौपाट्यांचे सार्वजनिक स्वरूप कोणत्या आधारांवर उभे आहे, हे स्पष्ट करणे.
(२) किनाराभेटीसाठी आवश्यक असलेले भरती-ओहोटीचे किमान ज्ञान सुबोधपणे मांडणे.
(३) किनाऱ्यात होत असलेल्या बदलांचा किनाराभेटीवरील परिणाम तपासणे.
विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून व्याप्ती मुख्यतः बृहन्मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यापुरती मर्यादित आहे.

३. चौपाटी : लोकव्यवहाराने सार्वजनिक झालेली भूमी

एखादी जागा केवळ खुली असल्याने सार्वजनिक होत नाही. लोक तेथे एकत्र येतात आणि पुनःपुन्हा येत राहतात, तेव्हा ती सार्वजनिक होते. गिरगाव चौपाटीचा इतिहास याची साक्ष देतो. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्यावर याच वाळूवर अंत्यसंस्कार झाले. आज तेथे त्यांचा पुतळा आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत मुंबईच्या सत्याग्रहींनी समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार केले, तेही चौपाटीवर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात १९५५ साली येथे झालेल्या सभांनी राज्याच्या राजकारणाला वळण दिले. सभागृहाचे भाडे ज्यांना परवडत नव्हते, त्यांना ही वाळू सभास्थान म्हणून उपलब्ध होती.

दादरच्या किनाऱ्याचे स्थान याहून वेगळे व अधिक खोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यानंतर ७ डिसेंबर रोजी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. तेथील चैत्यभूमीस दरवर्षी ६ डिसेंबरला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लक्षावधी अनुयायी भेट देतात. पाणवठ्यावरील समान हक्कासाठी महाडला सत्याग्रह करणाऱ्या नेत्याचे स्मारक अशा किनाऱ्यावर असावे, जेथे कोणालाही मज्जाव नाही, ही बाब लक्षणीय आहे.

धार्मिक व ऋतुमानाशी निगडित व्यवहारांनीही चौपाटीला समाजाशी जोडून ठेवले आहे. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो व मासेमारीच्या नव्या हंगामास आरंभ करतो. अनंत चतुर्दशीला गिरगाव, दादर व जुहू येथे गणेशमूर्तींचे विसर्जन होते. उत्तर भारतीय समाजाची छठपूजा जुहूच्या वाळूवर होते. वर्सोवा, मढ, मनोरी या परिसरातील कोळीवाड्यांना तर किनारा म्हणजे कामाची जागा आहे. तेथे होड्या ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, बोंबील व इतर मासळी सुकविली जाते. फिरावयास येणाऱ्याने हे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. ज्या वाळूवर तो तासभर विसावतो, ती दुसऱ्या कोणाच्या तरी उपजीविकेची जागा असते.

४. कायद्याचा आधार

समुद्रकिनारा कोणा एकाच्या मालकीचा नसतो, ही कल्पना प्राचीन आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथांत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी सर्वांच्या समाईक मानल्या आहेत. याच विचारातून पुढे सार्वजनिक विश्वस्ततत्त्व विकसित झाले. शासन हे अशा संपत्तीचे मालक नसून जनतेच्या वतीने नेमलेले विश्वस्त आहे, असा त्याचा आशय होय. हिमाचल प्रदेशातील बियास नदीलगतच्या जमिनीसंबंधीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. समुद्रकिनाऱ्याचा समावेशही न्यायालयाने अशा संपत्तीत केला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, भरतीच्या उच्च रेषेखालील समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा तळ, त्यावर अन्य कोणाचा कायदेशीर हक्क सिद्ध नसल्यास, राज्य शासनाकडे असतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. २०११ व २०१९ साली तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. या व्यवस्थेत भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधील पट्ट्यास स्वतंत्र वर्ग दिलेला आहे.

येथे एक मुद्दा विशेषत्वाने नोंदविला पाहिजे. कायदा ज्या भूमीचे रक्षण करतो, तिची सीमा समुद्र ठरवितो. वाळू खचली किंवा किनाऱ्यावर भिंत उभी राहिली, तर कायद्यातील शब्द तसेच राहतात. परंतु नागरिकाला पाय ठेवण्यास जागा उरत नाही. म्हणून हक्काचा विचार वाळूच्या विचारापासून वेगळा करता येत नाही.

५. भरती-ओहोटी : किनाराभेटीचे वेळापत्रक

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका दिशेने कार्य करते व उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ही आकर्षणे परस्परांना काटकोनात असतात व भांगाची भरती येते. उधाणाच्या वेळी मुंबईत भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक चार मीटरहून अधिक असू शकतो.

भरतीची स्थूल वेळ काढण्याची एक पारंपरिक रीत कोकणपट्टीत प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस ती सहाच्या सुमारास असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. तिथी चंद्राच्या स्थितीवर आधारलेली असल्यामुळे हा हिशेब जुळतो. अनंत चतुर्दशीस याच रीतीने भरतीची वेळ साडेदहा व ओहोटीची वेळ साडेचारच्या आसपास निघते. विसर्जनाच्या दिवशी दुपारनंतर गिरगावची वाळू रुंद का दिसते आणि रात्री उशिरा पाणी का चढते, याचा उलगडा यातून होतो. २०२५ साली लालबागच्या राजाची मूर्ती विसर्जनासाठी गिरगाव चौपाटीवर पोहोचली असता भरतीमुळे विसर्जन कित्येक तास लांबले, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

ही रीत अंदाजापुरतीच आहे. अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करीत असलेली भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. उंच लाटांच्या इशाऱ्यांसाठी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या सूचना उपलब्ध असतात. पावसाळ्यातील साडेचार मीटरहून उंच भरत्यांच्या दिवसांची यादीही बृहन्मुंबई महानगरपालिका जाहीर करते.

पाणी किती वेगाने चढते, याविषयीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. भरतीच्या सहा तासांत पाणी समान गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग असे ते स्थूलमानाने चढते. समजा, एकूण चढ ४.८ मीटर आहे. तिसऱ्या तासात पाणी १.२ मीटर चढेल. किनाऱ्याचा उतार दर ५० मीटरला एक मीटर असेल, तर त्या एका तासात पाण्याची कडा ६० मीटर आत येईल, म्हणजे मिनिटाला एक मीटर. पहिल्या तासात हीच कडा अवघी २० मीटर सरकलेली असते. ओहोटीच्या वेळी दूरवर चालत गेलेल्या किंवा खडकावर बसलेल्या व्यक्तीस आरंभीची संथ गती पाहून धोका जाणवत नाही आणि जाणवतो तेव्हा परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

६. किनाऱ्यावरील धोके

भरतीव्यतिरिक्त दुसरा मोठा धोका परतीच्या प्रवाहांचा आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते. यास ‘रिप करंट’ म्हणतात. अशा पट्ट्यात लाटा फुटत नसल्याने तो भाग उलट शांत दिसतो आणि म्हणूनच फसवा ठरतो. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध पोहून शक्ती खर्च करू नये. किनाऱ्याला समांतर दिशेने सरकून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग किनाऱ्याकडे यावे. अक्साचा किनारा बुडण्याच्या दुर्घटनांसाठी दीर्घकाळ ओळखला जातो. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा व गोराई या सहा किनाऱ्यांवर मुंबई अग्निशमन दलाच्या अखत्यारीत जीवरक्षकांची व्यवस्था आहे. त्यांची सूचना हा आपल्या स्वातंत्र्याचा संकोच आहे, असे मानण्याची प्रवृत्ती सोडली पाहिजे.

पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळ्या रंगाचे ‘ब्लू बॉटल’ नावाचे जेलीफिशसदृश जीव किनाऱ्यावर येतात. वाळूवर निर्जीव दिसत असले तरी त्यांचे तंतू दंश करू शकतात. दंशाची जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी व वैद्यकीय मदत घ्यावी. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकट माशांच्या काट्यांनी जखमा झाल्या होत्या. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली दडून राहतो आणि पाय पडल्यास शेपटीचा काटा मारतो.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. समुद्रस्नानासाठीच्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंचे प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत असावे, असा आपल्याकडील निकष आहे. शहरातील नाले व सांडपाणी समुद्रास मिळत असल्याने मुंबईच्या अनेक किनाऱ्यांवर हा निकष पाळला जात नाही. वाळूवर वावरणे आणि पाण्यात डुंबणे यांत भेद करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

७. किनाऱ्याकडे पाहणे व किनाऱ्यावर जाणे

पावसाळ्यातील मोठ्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यातील शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. हे चक्र चालू राहिले तर पुळण टिकते. काठाशी पक्की भिंत बांधल्यास लाट तिच्यावर आदळून परतते, पायथ्याची वाळू अधिक खरवडली जाते आणि कालांतराने भिंतीपुढची पुळणच नाहीशी होते. म्हणजे मागची जमीन वाचविताना पुढचा किनारा गमावला जातो. अक्सा येथील वाळूवर उभारलेल्या भिंतीचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, त्यामागे हीच चिंता होती.

मार्च २०२४ मध्ये मुंबई किनारी रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. मरीन ड्राइव्हकडून वरळीपर्यंतच्या या प्रकल्पासाठी सुमारे १११ हेक्टर भराव घालण्यात आला. प्रवासाचा वेळ वाचला आणि समुद्रालगत चालण्यासाठी नवी जागा मिळाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु भरावाखाली गेलेला किनारा ओसाड नव्हता. तो बहुतांशी खडकाळ होता. ओहोटीच्या वेळी तेथील डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, शंख-शिंपले दिसत. काही ठिकाणी प्रवाळही होते व त्यांच्या काही वसाहती अन्यत्र हलवाव्या लागल्या. मुंबईच्या अशा खडकाळ किनाऱ्यांवर कोळी स्त्रिया पिढ्यानपिढ्या कालवे फोडीत आल्या आहेत. वरळीच्या मच्छीमारांनी होड्यांच्या ये-जा करण्यासाठी पुलाच्या खांबांतील अंतर वाढविण्याची मागणी लावून धरली आणि २०२३ साली ते १२० मीटर ठेवण्याचे मान्य झाले. किनाऱ्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी होते, त्यांनी ते हक्काच्या भाषेत मांडले तेव्हा आराखडा बदलला, हा या घटनेचा बोध आहे.

विहारपथावरून समुद्र दिसतो. पण हाताला लागत नाही. तेथे भरती-ओहोटी ही केवळ देखाव्यातील फरक असते. मूल ओल्या वाळूत पाय रोवते, परतणाऱ्या लाटेने तळव्याखालची वाळू सरकते आणि समुद्राची ताकद त्याला प्रथमच उमगते. हा अनुभव कठड्यावरून मिळत नाही. दर्शनाने नागरिक प्रेक्षक होतो, तर भेटीने तो किनाऱ्याचा वाटेकरी होतो. किनाऱ्याविषयी आस्था निर्माण होण्यासाठी दुसरी अवस्था आवश्यक आहे.

याची दोन उदाहरणे येथे देता येतील. वर्सोवा येथे अफरोज शाह या वकिलांनी २०१५ साली सुरू केलेल्या स्वच्छतेच्या कामात पुढे असंख्य नागरिक सहभागी झाले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम ओहोटीच्या वेळी नागरिकांना किनाऱ्यावर नेऊन तेथील जीवसृष्टीची ओळख करून देत आहे. दोन्ही ठिकाणी लोक किनाऱ्यावर प्रत्यक्ष गेले आणि त्यानंतरच किनाऱ्याविषयी बोलू लागले.

८. महाविद्यालयांची भूमिका

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेल्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. अध्यापकवर्गाला ही घटना कधीही विसरता येणार नाही. अशा दुर्घटनेनंतर समुद्रकिनाऱ्यावरील सहली बंद करण्याकडे संस्थांचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु बंदीमुळे विद्यार्थी समुद्राकडे जाण्याचे थांबत नाहीत. ते महाविद्यालयाबरोबर न जाता मित्रांबरोबर जातात आणि सोबत भरतीची वेळ सांगणारे कोणी नसते. सहल रद्द केल्याने संस्थेची जबाबदारी संपते, विद्यार्थ्याचा धोका संपत नाही.

म्हणून किनाराभेट ही सहल न राहता अभ्यासाचा भाग व्हावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना एकाच चौपाटीची रुंदी मे, ऑगस्ट व डिसेंबर या महिन्यांत मोजता येईल. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खडकाळ किनाऱ्यावरील जीवांची नोंद घेता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गिरगाव व दादर येथील स्मृतिस्थळांचा, तर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोळीवाड्यांतील बदलत्या व्यवसायाचा अभ्यास करता येईल. यांपैकी कोणत्याही कामासाठी पाण्यात उतरण्याची गरज नाही.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात :

(१) मुंबईच्या चौपाट्यांचे सार्वजनिकत्व कायद्याने मान्य केलेले असले तरी ते टिकविण्याचे काम प्रत्यक्ष लोकव्यवहाराने केले आहे.

(२) पुळण नाहीशी झाल्यास किनाऱ्यावरील हक्क केवळ कागदावर उरतो. किनाऱ्यालगतच्या कोणत्याही बांधकामाचे मूल्यमापन करताना ‘समुद्र दिसेल काय?’ या प्रश्नाबरोबर ‘किनाऱ्यावर जाता येईल काय?’ हा प्रश्नही विचारला जावा.

(३) प्रत्येक चौपाटीच्या प्रवेशाजवळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत व ठळक अक्षरांत लावल्या जाव्यात. रेल्वे स्थानकावर गाड्यांचे वेळापत्रक असते, तितकेच हे साधे व आवश्यक आहे.

(४) महाविद्यालयांनी किनाराभेटीची तारीख ठरविताना सुट्टीच्या दिनदर्शिकेआधी भरतीचे कोष्टक पाहावे, ओहोटीपूर्वीच्या दोन तासांत काम सुरू करून पाणी चढू लागताच किनाऱ्यावरून परतण्याचा दंडक ठेवावा, आणि जीवरक्षकांना पूर्वसूचना द्यावी.

(५) कोळी समाजाचे किनाऱ्याविषयीचे ज्ञान हे अभ्यासाचे साधन मानून स्थानिक कोळीवाड्यांतील जाणत्या व्यक्तींना अशा भेटींत मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करावे.

दाटीवाटीच्या या शहरात कोणतेही शुल्क न देता आणि कोणाचीही परवानगी न घेता क्षितिजापर्यंत मोकळी जागा अनुभवता येते, ती चौपाटीवर. ही सवलत शहराने दिलेली नसून समुद्राने दिवसातून दोनदा उघडी केलेली आहे. तिच्या वेळा जाणून घेणे आणि पुढील पिढीला त्या शिकविणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.